गटेच्या हातातलं शाकुंतल

सातारच्या शाळेत आठवीला संस्कृत सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी सांगितलं, की गटे नावाचा जर्मन महाकवी शाकुंतल वाचून इतका हरखला की पुस्तक डोक्यावर घेऊन नाचला. ही गोष्ट न ऐकलेला संस्कृतचा मराठी विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मी घरी येऊन आजीला विचारलं, "गटेला संस्कृत येत होतं का गं?" आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नसेल. कुणीतरी त्याच्या भाषेत सांगितलं असेल."

त्या 'कुणीतरी'च्या मागे मी पुढे जर्मनीत गेले, पीएच.डी. केली आणि आता तेच शिकवते. इंग्रजी आणि जर्मन साहित्याचे परस्परसंबंध हा माझा विषय. मराठी मुलीला हा विषय कसा सुचला, असं तिथेही विचारतात नि इथेही. सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

जर्मन शिकायला पुण्यासारखं गाव नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आणि बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन, या दोन ठिकाणांमुळे पुण्यात घरटी एक तरी जर्मन शिकलेला माणूस सापडतो. बहुतेक जण इंजिनियरिंगसाठी किंवा नोकरीसाठी शिकतात. मी एम.ए.ला होते तेव्हा वर्गात साहित्याकडे जाणाऱ्या आम्ही दोघी-तिघीच. मॅक्स म्युलर म्हणजे माझ्या विषयाचा जणू मूर्तिमंत नमुनाच, हे तेव्हा कळलं नव्हतं. जन्म डेसाऊचा, सारी हयात ऑक्सफर्डला, ऋग्वेदाची आवृत्ती काढली ती इंग्लंडमध्ये, आणि १८८६ साली इंग्लिश गटे सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्षही तोच.

एम.ए.च्या प्रबंधासाठी जर्मन शाकुंतल शोधायला लागले आणि १७९१ सालच्या पहिल्या जर्मन भाषांतराच्या मुखपृष्ठाची छायाप्रत हाती आली. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: मूळ संस्कृत आणि प्राकृत भाषांतून इंग्रजीत, आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये. भाषांतरकार गेओर्ग फोर्स्टर. म्हणजे गटेला शाकुंतल मिळालं ते इंग्रजीच्या हातून. आजीचा 'कुणीतरी' एकटा नव्हता, ती एक साखळीच होती.

ही साखळी नीट सांगायला हवी. सर विल्यम जोन्स कलकत्त्याला सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. हिंदुस्थानात 'नाटक' नावाचं काही आहे असं त्याच्या कानावर आलं होतं, पण ते म्हणजे नक्की काय हे कुणी धड सांगेना. शेवटी राधाकांत नावाच्या पंडिताने सांगितलं, की कलकत्त्यात थंडीच्या दिवसांत तुमचे इंग्रज लोक जे 'प्ले' करतात, तसंच हे. मग रामलोचन नावाच्या आपल्या शिक्षकाला बरोबर घेऊन जोन्सने शाकुंतल आधी लॅटिनमध्ये शब्दशः उतरवलं. लॅटिनची ठेवण संस्कृतशी इतकी जुळते की ओळीखाली ओळ लिहायला तीच सोयीची, असं तो प्रस्तावनेत म्हणतो. त्या लॅटिनवरून इंग्रजी केलं. ते १७८९ साली कलकत्त्यात छापलं गेलं. तिथून लंडन, आणि लंडनहून माइन्झ, जिथे फोर्स्टर ग्रंथपाल होता.

फोर्स्टरवर माझा फार जीव आहे. वयाच्या सतराव्या वर्षी तो कॅप्टन कुकच्या 'रेझोल्यूशन' जहाजावर बापाबरोबर जगप्रवासाला निघाला, तीन वर्षांनी परत आला आणि प्रवासवर्णन लिहिलं ते आधी इंग्रजीत, १७७७ साली. मग स्वतःच जर्मनमध्ये आणलं. दोन्ही भाषा त्याच्या घरच्या. पैशाची ओढाताण कायमची, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांची भाषांतरं हा त्याचा पोटाचा धंदा होता. शाकुंतल त्यातलंच एक, पण त्यावर त्याने जीव ओतला. शेवटी अकारविल्हे टिपा जोडल्या: देव, झाडं, चालीरीती, जे जे जर्मन वाचकाला परकं वाटेल ते ते. तीन वर्षांच्या आत तो पॅरिसमध्ये वारला, एकोणचाळिसाव्या वर्षी.

मी ठरवलं, की संस्कृत, इंग्रजी आणि जर्मन तिन्ही शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचायची. जर्मन साहित्यवाल्यांना बहुधा संस्कृत येत नाही, संस्कृतवाल्यांना जोन्स-फोर्स्टर कालबाह्य वाटतात, आणि इंग्रजीवाले जोन्सपाशी थांबतात. मधली जागा मोकळी होती आणि मला तिन्ही भाषा येत होत्या. दहा पानांचा आराखडा लिहिला. जर्मनीत त्याला 'एक्स्पोझे' म्हणतात नि त्याच्यावरच सगळं ठरतं. तो आठ वेळा लिहिला. चार प्राध्यापकांना पाठवला. दोघांचं उत्तर आलं नाही, एकांनी विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असं कळवलं, आणि ग्योटिंगनच्या एका बाईंनी दोन ओळींत लिहिलं, की मला संस्कृत येत नाही पण तुम्हाला येतं ना, मग या. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची शिष्यवृत्ती दुसऱ्या प्रयत्नात मिळाली.

ग्योटिंगन मी मुद्दाम निवडलं होतं. हॅनोव्हर या जर्मन राज्याचा शासक आणि इंग्लंडचा राजा १७१४पासून १८३७पर्यंत एकच होता आणि त्या राज्यातल्या ग्योटिंगनचं विद्यापीठ त्याच घराण्याने काढलेलं. त्यामुळे इंग्रजी पुस्तकं तिथल्या ग्रंथालयात जितक्या नेमाने येत, तितकी त्या काळी युरोपात फार थोड्या ठिकाणी येत असतील. फोर्स्टरचा सासरा हाइन हा त्या ग्रंथालयाचा प्रमुख. आणि आपल्याकडच्या माणसाला आणखी एक धागा: डेक्कन कॉलेजात १८६६पासून संस्कृत शिकवणारा फ्रान्झ कीलहॉर्न पुणं सोडून गेला तो ग्योटिंगनलाच. पहिल्या थंडीत घरची आठवण येई तेव्हा मला याचा फार आधार वाटायचा.

जर्मनीत पीएच.डी.ची गाईड बाई असेल तर तिला 'डोक्टोरमुटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टरकीची आई. बाई आईसारख्या लाड करणाऱ्या नव्हत्या. महिन्यातून एकदा भेट, अर्धा तास, आणि आधी लिहून दिलेलं नसेल तर भेट नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी मला काही लिहू दिलं नाही. जुनी जर्मन छपाई वाच, एवढंच. 'फ्राक्टुर' नावाची ती टोकदार अक्षरं. त्यात लांब 'स' आणि 'फ' यांच्यात फरक एका बारीकशा आडव्या रेघेचा असतो. मी रोज दोन तास अठराव्या शतकातली नियतकालिकं मोठ्याने वाचायची. मोडी वाचणाऱ्यांची आपल्याकडे जी पिढी होती तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हा खरा आदर निर्माण झाला. मग हस्तलिखित जर्मन, 'कुरेंट' लिपीतलं. ते मला आजही सावकाशच वाचता येतं.

काम सुरू झालं ते शीर्षकापासून, आणि पहिलं प्रकरण शीर्षकावरच झालं. कालिदासाचं 'अभिज्ञानशाकुंतल'. अभिज्ञान म्हणजे ओळख, ओळख पटवणारी खूण. जोन्सने केलं 'सकोंतला, ऑर द फेटल रिंग'. ओळख गेली, अंगठी आली, आणि अंगठीला 'फेटल' हे विशेषण लागलं. त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ नियतीने नेमलेलं असाही होतो आणि घात करणारं असाही. फोर्स्टरपुढे आता पेच. जर्मनमध्येही 'फाटाल' शब्द आहे, पण त्याचा सूर नकोसं, अडचणीत टाकणारं असा. तो शब्द त्याने टाळला आणि लिहिलं 'एन्टशायडेंड', म्हणजे निर्णायक, निकाल लावणारी अंगठी. एका अंगठीचा प्रवास: ओळख पटवणारी, मग नियतीची, मग निकालाची. निकाल लावणारी वस्तू म्हटल्यावर नाटक न्यायनिवाड्याच्या दिशेला झुकतं. राजसभेत शकुंतला उभी आहे आणि तिच्याकडे पुरावा नाही, हा पाचवा अंक जर्मन वाचकाला वेगळ्याच वजनाने जाणवला असणार. हे पान लिहून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याला सांगण्यासारखं खरोखर काही आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

'सकोंतला' मधला 'को'सुद्धा तसाच बोलका. जोन्सने 'कु'चा 'को' लिहिला. तोच फोर्स्टरकडे गेला, तोच गटेच्या कवितेत बसला.

नांदीची गोष्ट मात्र मला अजून चुटपूट लावते. ईशाच्या आठ रूपांत कालिदास 'होत्री' म्हणतो, म्हणजे यज्ञ करणारा यजमान. हाडामासाचा माणूस हे देवाचं एक रूप. जोन्सने तिथे 'यज्ञ गांभीर्याने केला जातो' अशा अर्थाचं वाक्य घातलं. कर्ता गेला, क्रिया उरली. फोर्स्टरपुढे फक्त इंग्रजी होतं. गेलेला यजमान त्याला कुठून परत आणता येणार?

आता माझी चूक. संस्कृत मूळ म्हणून मी टेबलावर ठेवली होती ती घरून आणलेली मो. रा. काळे यांची प्रत, राघवभट्टाच्या टीकेसकट. महाराष्ट्रात आपण सगळे त्यावरच वाढलो. तिसऱ्या अंकाशी आले आणि जोन्सकडे भलतंच काही दिसायला लागलं. मैत्रिणी निघून गेल्यावर राजाला शकुंतलेचं मृणालाचं कंकण सापडतं, तो ते तिच्या हातात घालतो, तिच्या डोळ्यात कानातल्या कमळाचा पराग जातो, तो फुंकर घालतो. माझ्या प्रतीत यातलं काही नाही. मी ठरवून टाकलं, की हा जोन्सचा पदरचा मजकूर. अठराव्या शतकातल्या युरोपच्या भावविवशतेचा नमुना. त्यावर बावीस पानं लिहिली, आणि चांगली लिहिली. गाईड बाईंनाही पटली.

संशोधकांच्या साप्ताहिक बैठकीत, 'कोलोक्वियम'मध्ये, ती वाचून दाखवली. भारतविद्या विभागातले एक वयस्कर गृहस्थ मागे बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणत्या परंपरेचा पाठ?"

मी काही बोलू शकले नाही. शाकुंतलाचे पाठ वेगवेगळे आहेत, देवनागरी परंपरेचा निराळा नि बंगाली परंपरेचा निराळा, हे मला पुण्यात एका तासाला सांगितलेलं होतं आणि मी ते विसरले होते. काळे यांची प्रत देवनागरी पाठाची. जोन्सपुढे होता तो बंगाली पाठ, आणि त्यात तिसरा अंक लांब आहे. कंकण, पराग, फुंकर सगळं त्यात आहे. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी मला पिशेल या जर्मन पंडिताने १८७७ साली कील शहरातून काढलेली बंगाली पाठाची आवृत्ती काढून दिली आणि बाजूला बसून तिसरा अंक माझ्याबरोबर वाचला. बावीस पानं गेली, सात महिने गेले. पण प्रबंधाला पाया मिळाला तो त्यामुळेच. जोन्सवर मी त्याने न केलेल्या गुन्ह्याचा आरोप ठेवत होते. मूळ शेजारी ठेवून वाचायचं म्हणजे त्याच्यापुढे नेमकं कोणतं मूळ होतं ते आधी शोधायचं. या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगते.

जोन्सने सगळं नाटक गद्यात आणलं आणि एकाच इंग्रजीत आणलं, याचा मात्र मला राग येत असे. राजा संस्कृत बोलतो, बायका शौरसेनी बोलतात, कोळी मागधी बोलतो, आणि बायका गातात ते महाराष्ट्रीत. आपल्या मराठीची ती पणजी. इंग्रजीत उतरताना हे सगळे आवाज एकाच पातळीत आले. फोर्स्टरच्या मुखपृष्ठावर 'संस्कृत आणि प्राकृत' असे शब्द आहेत, आत ती दुही ऐकू येत नाही.

एकदा एका परिषदेत कुणीतरी म्हणालं, "म्हणजे गटेने खरं शाकुंतल वाचलंच नाही की!" मला हे मुळीच मान्य नाही. रामलोचनने उलगडून सांगितलं, जोन्सने दोन भाषांतून नेलं, फोर्स्टरने एका बाजूला घेणेकऱ्यांना तोंड देत ते घासूनपुसून जर्मनमध्ये उभं केलं, आणि एवढ्या हातांतून जाऊनही कण्वाच्या आश्रमातला निरोपाचा प्रसंग हेर्डर या जर्मन विचारवंताला आणि गटेला हलवून गेला. ते खरंच होतं. 'फाउस्ट'च्या सुरुवातीला नाट्यगृहातला जो पूर्वरंग आहे, तो गटेला आपल्या सूत्रधार-नटीवरून सुचला असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल संगीतात उभं केलं, तेही मराठीत आणूनच. ते खरं शाकुंतल नव्हतं असं आपण कधी म्हणत नाही.

पाच वर्षांनी तोंडी परीक्षा झाली, 'डिस्पुटात्सिओन'. दीड तास. भारतविद्येचे ते गृहस्थ परीक्षक मंडळावर होते आणि त्यांनी पुन्हा पाठभेदांवरच प्रश्न विचारला. या वेळी मी वीस मिनिटं बोलले. संपल्यावर गाईड बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, आता आपण 'डू' म्हणू. 'डू' म्हणजे 'तू'. पाच वर्षं आम्ही एकमेकींना 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणत होतो. तिथे हा फार मोठा सन्मान. गुरुस्थानी असलेल्या बाईंना अरेतुरे करायला माझी जीभ वळेना. पुढे कित्येक महिने मी वाक्यं अशी फिरवायची की सर्वनामच येऊ नये. मग मित्रमैत्रिणींनी सजवलेल्या हातगाडीत बसवून गावातल्या गेन्झेलीझलच्या कारंज्यापाशी नेलं. नव्या डॉक्टरने वर चढून त्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचं चुंबन घ्यायचं, अशी रीत आहे. तिच्या हातात फुलं दिली. खाली आई मोबाइलवर साताऱ्याहून बघत होती.

प्रबंध छापून झाल्याशिवाय नावापुढे डॉक्टर लावता येत नाही, हा तिथला नियम. त्यात आणखी पावणेदोन वर्षं आणि बरीच पुंजी गेली. छापलेली प्रत सातारला सरांना पाठवली. सरांनी ऐंशी ओलांडलेली. जर्मन येत नसतानाही त्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि फोन केला.

"मग, नाचला का नाही गटे?"

"नाचल्याचं मला कुठे सापडलं नाही, सर. पण चार ओळी आहेत त्याच्या."

"म्हणून दाखव."

म्हणून दाखवल्या. वसंताची फुलं आणि शरदाची फळं, मोहून टाकणारं आणि पोट भरणारं, स्वर्ग आणि पृथ्वी, हे सगळं एका नावात हवं असेल तर, सकोंतले, मी तुझं नाव घेतो, असा त्यांचा भाव. सर गप्प होते. मग म्हणाले, "वृत्त कोणतं?" मी सांगितलं, की ग्रीकांकडून आलेलं आहे, इथे लघु-गुरू धरत नाहीत, आघात मोजतात. "परत म्हण," म्हणाले, आणि पलीकडून टेबलावर बोटाने ताल धरल्याचा आवाज यायला लागला. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे पुष्कळ असतात. जर्मनीत कायम प्राध्यापकपद मिळेपर्यंत सगळी कामं मुदतीची. पीएच.डी.च्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं, अशी बारा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. तोवर जमलं नाही तर त्या वाटेने पुढे जाता येत नाही. मी आतापर्यंत पाच करारपत्रांवर सह्या केल्या, सर्वांत लहान पाच महिन्यांचं. मध्ये दीड वर्ष इंग्लंडमध्ये होते, तिथे मी ज्या विभागात रुजू झाले तोच माझ्यादेखत बंद करण्यात आला. जर्मन शिकायला पुरेसे विद्यार्थी नाहीत, हे कारण. शेवटच्या दिवशी ग्रंथालयातून काढून टाकलेली पुस्तकं कॉरिडॉरमध्ये टेबलावर मांडली होती, ज्याला हवी त्याने न्यावीत. मी दोन पिशव्या भरून आणल्या. दोन देशांनी एकमेकांना कसं वाचलं हे शिकवणारी माणसं दोन्हीकडे कमी होत चालली आहेत, याचं मला मनापासून दुःख आहे. लंडनचा लाभ एकच, पण मोठा. कलकत्त्याची १७८९ची प्रत मला तिथे हातात घेऊन वाचता आली.

सध्या जर्मनीत एका विद्यापीठात आहे, करार अजून अडीच वर्षांचा. या सत्रात बारा जणांच्या वर्गाला जोन्स आणि फोर्स्टर शिकवते आहे, आणि स्वतः फोर्स्टरच्या टिपांचा तक्ता करते आहे: कोणती टीप त्याने कुठल्या इंग्रजी पुस्तकातून घेतली, कोणती प्रवासातल्या आठवणीतून लिहिली. काम संथ आहे.

मागच्या आठवड्यात वर्गात प्रस्तावना वाचत होतो. मूळ कसं ऐकू येतं ते कळावं म्हणून मी नटीचं गाणं प्राकृतात म्हणून दाखवलं. भुंग्यांनी हळूच चुंबलेली, नाजूक केसरांची शिरीषफुलं बायका जपून कानात घालतात. प्राकृतात ते 'सिरीस' आहे, आणि आमच्याकडे झाडाला 'शिरस' म्हणतात. एका मुलीने विचारलं, "केसर म्हणजे पाकळ्या का?" शब्दांनी सांगून पटेना. मी आईला निरोप पाठवला. चैत्र होता, घरामागच्या ओढ्याकाठी शिरस फुललेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे तीन फोटो आले. एकात फांदी, एकात तळहातावरचं फूल, पाकळ्या जवळजवळ नाहीतच, नुसते पांढुरके-हिरवट तंतू. तिसरा आईचा स्वतःचा होता, फूल कानावर खोचलेलं. तिन्ही फोटो वर्गात पडद्यावर लावले.